‘राज्यदहशत’, ‘रक्तरस’ आणि ‘दिलेले’ नमुने : शब्दचर्चा

प्रश्नकर्ती, पणजी :
एका दिवाळी अंकासाठी मी नाझी काळाविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. बर्लिनच्या दाहलेम भागातील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक ओटमार फॉन फेर्शुअर यांनी १९४३ साली रक्तातील ‘विशिष्ट प्रथिनां’चा शोध हाती घेतला. त्यांचे सहायक राहिलेले योझेफ मेंगेले त्याच वर्षी मे महिन्यात आउशवित्सच्या छळछावणीत डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि कैद्यांनी दिलेले रक्ताचे नमुने तेथून बर्लिनला जाऊ लागले, असा लेखाचा विषय आहे. माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. सत्तेने स्वतःच्याच यंत्रणेकडून माणसांवर बसवलेल्या दहशतीला मी ‘राजकीय दहशतवाद’ म्हटले होते. संपादकांनी ते खोडून ‘सरकारी आतंकवाद’ केले आणि ते मला हिंदी वृत्तवाहिनीवरून उचलल्यासारखे वाटते. दुसरे असे की, ‘सीरम’साठी मी ‘रक्तरस’ लिहिले, तर मुद्रितशोधकांना तेथे ‘रक्तद्रव’ हवे आहे. यांपैकी कोणते शब्द ठेवावेत?

निवृत्त शिक्षक, म्हापसा :
‘राजकीय’ तर मुळीच नको. हिंदीत ‘राजकीय महाविद्यालय’ म्हणजे सरकारी महाविद्यालय. मराठीत ‘राजकीय’ म्हटले की पक्ष आणि पुढारी डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे ‘राजकीय दहशतवाद’ हा एखाद्या पक्षाच्या गुंडांचा उद्योग वाटेल. ‘राज्यदहशत’ हा शब्द आखूड आणि चांगला आहे. पण ३० मे १९८७ पासून आपण गोवेकर ‘राज्य’ म्हणजे घटकराज्य असेच वाचतो आणि लहान मुलांच्या लेखी राज्य म्हणजे लपंडावात जे अंगावर येते ते. राज्यशास्त्राच्या पुस्तकांतील ‘राज्यसंस्था’ हा शब्द जड असला तरी नेमका आहे. म्हणून ‘राज्यसंस्थेची दहशत’ असे लिहावे आणि ‘वाद’ गाळावा, कारण छळछावणी चालवणाऱ्यांकडे सत्ता होती, त्यांना कोणता वाद मांडायचा नव्हता.

ग्रंथपाल, मडगाव :
गुरुजी, ‘वाद’ गाळण्याशी मी सहमत नाही. या शब्दाचा जन्मच राज्यसंस्थेच्या घरातला आहे. फ्रान्समध्ये १७९३-९४ या काळात क्रांतिकारी सरकारनेच दहशत हे शासनाचे साधन बनवले. जुलै १७९४ मध्ये त्या सरकारचा म्होरक्या रोबेस्पिएर पडला, त्यानंतर त्याच्या राजवटीला नाव ठेवण्यासाठी ‘तेरोरिझ्म’ हा शब्द रूढ झाला आणि १७९८ च्या फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या पुरवणीत त्याचा अर्थ ‘दहशतीची पद्धत, दहशतीची राजवट’ असा दिला गेला. सरकारविरुद्ध बॉम्ब टाकणारा तो दहशतवादी, हा अर्थ नंतरचा. तेव्हा नुसते ‘दहशतवाद’ लिहिले तरी मुळाला धरूनच होईल.

निवृत्त शिक्षक, म्हापसा :
मुळाला धरून होईल, पण वाचकाला कळणार नाही. दिवाळी अंक फ्रेंच अकादमीसाठी निघत नाही.

वैद्य, फोंडा :
‘आतंक’ हिंदी म्हणून हाकलण्याची घाई होते आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात व्याधी, आमय, गद, आतंक, यक्ष्मा, ज्वर, विकार आणि रोग हे सारे समानार्थी शब्द म्हणून दिले आहेत. धातुपाठात ‘तकि’ या धातूचा अर्थ ‘कृच्छ्रजीवने’, म्हणजे कष्टाने जगणे, असा आहे. ज्या लेखात राजसत्तेची दहशत आणि रक्ताचे परीक्षण एकाच छावणीत भेटतात, त्या लेखाला रोग आणि भय दोन्ही सांगणारा दुसरा शब्द कोठे मिळणार? शिवाय ज्या ‘दहशती’ला आपण घरची मानतो ती अरबीतून फारसीमार्गे आलेली आहे आणि अरबीत तिचा अर्थ आश्चर्याने थिजून जाणे असा आहे.

ग्रंथपाल, मडगाव :
वैद्यबुवा, पाहुणा घरात इतकी शतके राहिला की त्याला गाव विचारत नाहीत. ‘दहशत बसली’ हे मराठी आहे, ‘आतंक बसला’ हे नाही. माझी आजी तर ‘दहशत’ही म्हणत नसे, पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात रात्री रस्त्यावर बुटांचा आवाज आला की दिवा बारीक करीत, हे सांगताना ती ‘धास्त’ म्हणे. धास्तीत वाट पाहणे आहे, ते दहशतीत नाही.

रक्ततपासणी तंत्रज्ञ, वास्को :
दुसऱ्या अडचणीकडे कोणी वळत नाही म्हणून लिहितो. रक्त गोठू न देता फिरवून पेशी खाली बसवल्या की वर राहतो तो प्लाझ्मा. रक्त गोठू दिले आणि गुठळी बाजूला काढली की उरते ते सीरम. गुठळी बांधण्यात फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्ची पडते, म्हणून ते सीरममध्ये नसते. ‘रक्तद्रव’ प्लाझ्माला आणि ‘रक्तरस’ सीरमला, अशी वाटणी ठेवली तर ताई बरोबर आहेत आणि मुद्रितशोधक चुकत आहेत. मात्र मूळ लेखात खरोखर सीरमच आहे ना, हे पुन्हा पाहावे. बर्लिनच्या प्रयोगशाळेत प्लाझ्मापासून काढलेले पदार्थ तयार केले जात होते, असे फेर्शुअर यांच्याच १९४४ च्या पत्रव्यवहारात आहे.

मला स्वतःला सीरमसाठी ‘निवळ’ आवडते. लॅटिनमध्ये ‘सीरम’ म्हणजे दही-ताकावर सुटणारे पाणी आणि ताकाची निवळ आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पोर्तुगीजमध्येही दोन्हींना एकच शब्द आहे, ‘सोरु’. आमचे एक वृद्ध सहकारी सांगत की, जुन्या काळी डॉक्टरने ‘सोरु’ द्या म्हटले की कोकणी रुग्णाचे नातेवाईक ‘सोरो’, म्हणजे दारू, समजून खूष होत.

निवृत्त शिक्षक, म्हापसा :
‘रक्ताची निवळ’ वाचून सोलकढी आठवते. परिभाषा एकदा ठरली की तिच्यात ताक मिसळू नये. ‘प्रथिन’ पाहा : रसायनशास्त्रज्ञ मुल्डरने १८३८ साली बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ‘प्रोटीन’ हा शब्द प्रथम छापला, तो ग्रीकमधील ‘पहिल्या स्थानाचे’ या अर्थाच्या शब्दावरून, आणि आपल्याकडे ‘प्रथम’ची आठवण देणारे ‘प्रथिन’ त्याच्या जागी चपखल बसले.

वैद्य, फोंडा :
‘प्रथिन’ हे ‘प्रथ्’ धातूवरून, पसरणे या अर्थी, असेही लावता येते.

रक्ततपासणी तंत्रज्ञ, वास्को :
लावता काहीही येते. आमच्या अहवालावर ‘टोटल प्रोटीन’ असते आणि रुग्णही तेच म्हणतात. पण येथे शब्दाहून कल्पनाच खोटी होती. प्रत्येक वंशाच्या रक्तात त्याचीच अशी प्रथिने असतील आणि ती नळीत दाखवता येतील, या गृहीतकावर फेर्शुअर यांचा डोलारा उभा होता. त्यासाठी वापरलेली शरीरक्रियाशास्त्रज्ञ आबडरहाल्डेन यांची ‘संरक्षक किण्वां’ची (एन्झाइमांची) चाचणी इतरांच्या हाती पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच टिकली नव्हती. रक्तप्रथिनांत माणसामाणसांत फरक असतात हे खरे. १९५५ साली स्मिथीज या शास्त्रज्ञांनी स्टार्चच्या जेलवर हॅप्टोग्लोबिन या रक्तप्रथिनाचे प्रकार वेगळे करून दाखवले. पण ते प्रकार एकाच गावात, एकाच घरातसुद्धा सापडतात. म्हणून अनुवादात ‘वंशविशिष्ट प्रथिने’ असे सरळ छापू नये, मागे ‘तथाकथित’ जोडावे.

अनुवादक, डिचोली :
‘संरक्षक किण्वे’ यावर थांबावेसे वाटते. ज्या पथकांनी छावण्या चालवल्या त्यांचे नाव ‘शुट्झश्टाफेल’ (आद्याक्षरांनी ‘एसएस’), म्हणजे संरक्षण पथक. न्यायालयापुढे न नेता माणसाला उचलून नेण्याला ‘शुट्झहाफ्ट’, म्हणजे संरक्षणासाठी कोठडी. आणि पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या, म्हणजे आपल्या सालाझारच्या गुप्त पोलिसांचे १९४५ पासूनचे नाव ‘आंतरराष्ट्रीय आणि राज्यसंरक्षण पोलीस’, ज्याच्या आद्याक्षरांचा ‘पीद’ माझे वडील न चुकता ‘पीडा’ असा उच्चारत आणि हा संस्कृतच शब्द आहे असे ठासून सांगत. या तीन नावांत दहशत हा शब्द कोठेच नाही, सगळीकडे रक्षण आहे. त्यामुळे अनुवादात ही नावे मूळ रूपात न ठेवता अर्थासह द्यावीत. ‘एसएस’ एवढेच छापले तर ही लबाडी वाचकाला दिसणारच नाही.

ग्रंथपाल, मडगाव :
आद्याक्षरांवर वाढलेल्या वाचकाला ‘संरक्षण पथक’ म्हणजे होमगार्ड वाटेल.

विद्यार्थिनी, काणकोण :
मी वयाने लहान आहे, तरी लिहिते. ताईंच्या प्रश्नातच ‘कैद्यांनी दिलेले नमुने’ असे शब्द आले आहेत. आपण प्रयोगशाळेत जाऊन ‘रक्त दिले’ म्हणतो, त्या सवयीने ते आले असावेत. परंतु तेथे कोणी काही दिलेले नव्हते. त्याऐवजी ‘नमुने घेण्यात आले’ असे लिहिले तर आणखी वाईट, कारण ‘-ण्यात आले’ या परिपत्रकी रचनेत घेणारा कोण हे सांगावेच लागत नाही. फेर्शुअर यांनी मार्च १९४४ मध्ये अनुदान देणाऱ्या संस्थेला पाठवलेल्या अहवालात एसएसप्रमुख हिमलरच्या परवानगीने हे काम चालल्याचे म्हटले आहे, म्हणजे कर्त्यांची नावे उपलब्ध आहेत. शिवाय मेंगेले ‘रुजू झाले’ हे आदरार्थी बहुवचन मला खटकले.

निवृत्त शिक्षक, म्हापसा :
बाळ, पहिले म्हणणे मान्य. दुसरे नाही. मराठीत आदरार्थी बहुवचन हे लिहिणाऱ्याची रीत दाखवते, ज्याच्याविषयी लिहिले त्याची लायकी नव्हे. एकेरी लिहून राग व्यक्त करणे हे व्यासपीठावर शोभते.

विद्यार्थिनी, काणकोण :
मग रोबेस्पिएर ‘पडला’ आणि हिमलर‘च्या’ परवानगीने, हे आपल्यापैकी कोणालाच कसे खटकले नाही?

अनुवादक, डिचोली :
कारण राज्यकर्त्यांना आपण एकेरीतच बोलतो आणि डॉक्टरांना मात्र कधीच नाही. मीही ‘सालाझारच्या’ असेच लिहून गेलो.

प्रश्नकर्ती, पणजी :
सर्वांचे आभार. ‘राज्यसंस्थेची दहशत’ तूर्त ठेवते आणि ‘दिलेले’ आजच काढते. मूळ लेखात पुन्हा पाहिले तर एके ठिकाणी सीरम आहे आणि दोन ठिकाणी प्लाझ्मा, त्यामुळे मुद्रितशोधक आणि मी दोघेही अर्धे चुकलो. मेंगेले एकेरी की अनेकवचनी, हे संपादकांवर सोपवते. पण शेवटच्या परिच्छेदात आणखी एक शब्द अडला आहे. युद्धानंतर नाझींशी संबंध असलेल्यांच्या चौकशीत फेर्शुअर यांना ‘मिटलॉयफर’, म्हणजे नुसता मागे गेलेला, ठरवून सहाशे मार्कांचा दंड करण्यात आला आणि १९५१ साली ते म्युन्स्टरला प्राध्यापक झाले. शब्दशः अर्थ ‘बरोबर धावणारा’. मी ‘सहप्रवासी’ लिहिले आहे, पण ते कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमधले वाटते.

ग्रंथपाल, मडगाव :
‘री ओढणारा’ असे लिहावे.

विद्यार्थिनी, काणकोण :
री ओढणारा मागे उभा असतो. हे तर प्रकल्पाचे प्रमुख होते. आणि ताई, ‘दंड करण्यात आला’?