वाचनक्रमाचे वेड: तुमचे अनुभव लिहा

परवा भाची म्हणाली, मामा एक्स-मेनची कॉमिक्स वाचायचीत, कुठून सुरू करू? मी म्हटलं थांब, यादी देतो. आणि माळ्यावर माझी जुनी वही सापडली! १९६३च्या पहिल्या अंकापासून ओळीने आकडे, पुढे टिकमार्क. टिका २३व्या अंकाला संपल्यात. पुढची चाळीस पानं नुसते आकडे. म्हणजे यादी करण्यातच सगळा उत्साह संपला होता. तुमचंही असं झालंय का? लिहा.

रिकामटेकडा
मी तुझ्यापुढे गेलो होतो रे, ६७ ते ९३ नंबरचे अंक चिकाटीने वाचले. मग कळलं ते सगळे जुन्याच गोष्टींची पुनर्छपाई, नवीन काही नाहीच त्यात 😭 भाचीला सरळ १९७५चा जायंट साइज एक्स-मेन हा अंक दे आणि मग ९४वा. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस सगळे तिथूनच येतात.

शाईचा_डाग
+१. ९४ पासून लेखक क्लेअरमाँट, तो थेट १९९१ पर्यंत. सोळा वर्षं एक माणूस लिहितोय म्हटल्यावर क्रम आपोआप लागतो.

अर्धवट
क्रॉसओव्हरबद्दल कोणी बोलेल का. १९९२चं एक्स-क्यूशनर्स साँग, १२ भाग, ४ मालिकांमध्ये वाटलेले, एक भाग इथे पुढचा तिकडे. मी एक्सेल केली होती, रंग वगैरे देऊन, ऑफिसच्या वेळात. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले हे कुठल्या प्रोजेक्टचं

रिकामटेकडा
@अर्धवट 😂😂 मग काय सांगितलंस

अर्धवट
मायग्रेशन

सातवी_खिडकी
मी उलटं केलं होतं, कथेतल्या काळानुसार लावायचं म्हणून वुल्व्हरिनचं ओरिजिन आधी वाचलं, कारण ते एकोणिसाव्या शतकात घडतं ना. पण छापलंय २००१ला! तो पहिल्यांदा दिसला १९७४ला, मधली पंचवीसेक वर्षं त्याचं लहानपण कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही, आणि मी ते पहिल्याच दिवशी वाचून मोकळी. नंतर तो आठवायला धडपडतोय आणि मी मनात म्हणतेय अरे मला विचार ना. छापलेल्या क्रमानेच वाचा, कानाला खडा.

जुनी_वही
हाउस ऑफ एक्स आणि पॉवर्स ऑफ एक्स (२०१९) ही आधी एक संपवून मग दुसरी वाचली. सहा-सहा अंक. डोक्यावरून गेलं सगळं. दोन्हींचे अंक एकमेकांत विणून वाचायची होती. एकत्र पुस्तकात तशीच दिलीत हे नंतर कळलं

बॅटभक्त
एक्स-मेनवाले रडताय काय, आमच्या बॅटमॅनकडे १९८५-८६च्या क्रायसिस या मालिकेनंतर इतिहासच नव्याने मांडला, मग २०११ला परत. मी अंक ४०४ ते ४०७, म्हणजे १९८७चं इयर वन, हातात घेतो आणि बाकी देवावर सोडतो.

सातवी_खिडकी
बॅटमॅनचा वेगळा धागा काढा हो 🙏 बाकी फोनवर ही पानं कशी वाचता सगळे? माझा नंबर वाढलाय, फुग्यातली अक्षरं दिसत नाहीत

शाईचा_डाग
टॅब घ्या. किंवा एकेक चौकट मोठी करून, पण मग पानाची मांडणी दिसत नाही, त्यातली मजाच जाते.

मधूनच_आले
मी फक्त १४१ आणि १४२ वाचलेत, डेज ऑफ फ्युचर पास्ट. दोनच अंक हो! मला वाटलं भलं मोठं काहीतरी असेल. १९८१ला छापलं आणि त्यातलं भयानक भविष्य म्हणजे २०१३. आलं आणि गेलंही, ते सेंटिनेल रोबो काही आले नाहीत. कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर

धागाकर्ता
सगळ्यांचं वाचून काल रात्री नीट यादी केली, ९४ पासून, रिकामटेकड्याचं ऐकून. सकाळी भाचीला पाठवली तर म्हणते मी सुरू पण केलं, १३८ पासून. अगं १३८?? तिथे तर १३७मध्ये गेलेल्या जीनचा अंत्यविधी आहे! म्हणे मुखपृष्ठ आवडलं. मग आठवलं, त्या अंकात तिचा प्रियकर सायक्लॉप्स तिथे उभ्या उभ्या १९६३पासूनचं सगळं आठवत असतो. म्हणजे माझ्या वहीतली चाळीस पानं तिला एका अंकात मिळाली. आता १३७ वाचतेय. कसं वाटतंय विचारलं तर, मामा स्पॉइलर देऊ नकोस.