युक्रेनी माणूस जनुकीयदृष्ट्या शेजाऱ्यांपासून वेगळा आहे का?

उत्तरायण:
माझं मत: आहे, आणि पितृवंशाच्या वाय गुणसूत्रात ते स्पष्ट दिसतं. युक्रेनी पुरुषांत आर१ए (वाय गुणसूत्राच्या वंशशाखांना अशी अक्षरी नावं असतात) साधारण ४५ टक्के, आय२ए २० टक्क्यांच्या आसपास, आणि एन जेमतेम ५-६ टक्के. उत्तर रशियात अर्खान्गेल्स्कच्या बाजूला हाच एन ४० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून ‘रशियन आणि युक्रेनी एकच’ हे मला पटत नाही.

गाळपेर:
तुलनाच चुकीची निवडली आहे. अर्खान्गेल्स्क म्हणजे अख्खा रशिया नव्हे. युक्रेनच्या सीमेलगत रशियातल्या बेल्गोरोद, कुर्स्ककडे या, एन झपाट्याने उतरतो आणि आर१ए निम्म्याच्या वर जातो. हा उतार आजच्या सरहद्दीवर तुटत नाही. शिवाय १० पिढ्या मागे तुमचे १,०२४ पूर्वज. वाय त्यातल्या एकाचाच. ऑटोसोमल डीएनए (लिंग गुणसूत्रं सोडून बाकीचा, आई-वडील दोघांकडून येणारा) घेतला की पीसीएच्या, म्हणजे जनुकीय साम्यानुसार माणसांचे ठिपके मांडणाऱ्या पद्धतीच्या, आलेखात युक्रेनी, बेलारूसी, पोलिश आणि मध्य-दक्षिण रशियन एकमेकांवर चढतात. उत्तरेचे रशियन तेवढे फिनिक (फिनलंडच्या भाषाकुळातल्या) लोकांकडे सरकतात.

सह्यकडा:
गाळपेर, आलेखात ठिपके एकमेकांवर पडले म्हणून लोक ‘एकच’ ठरत नाहीत. पोलिश लोकही त्याच गर्दीत आहेत, त्यांना कोणी युक्रेनी म्हणतं का? पीसीए तुम्ही कोणते नमुने भरता त्यावर चालतो. आफ्रिका आणि चीन भरलात तर सारा युरोप एका ठिपक्यात मावतो. बारीक फरक हवा असेल तर फक्त युरोपीय नमुने घ्या, जवळचे नातेवाईक काढा, प्रत्येक भागातून सारखीच संख्या ठेवा, एकत्र वारसा येणाऱ्या खुणा विरळ करा (५० एसएनपींची, म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकांची, खिडकी, ५ चं पाऊल, खुणांमधल्या संबंधाचं माप आर-वर्ग ०.२ ही रुळलेली मापं). यातली नमुन्यांची संख्या बहुतेक जण सांभाळत नाहीत, आणि मोठा गट स्वतःचाच अक्ष तयार करतो. २०२१ मध्ये पश्चिम युक्रेनमधल्या उझहोरोदच्या संशोधकांच्या सहभागाने ९७ युक्रेनींचे पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ४,७८,००० बदल आधी नोंदलेलेच नव्हते. हे वेगळेपण नाही?

गाळपेर:
नाही. ज्या लोकसंख्येचे नमुने कमी, तिथे दुर्मिळ बदल नवे सापडणारच. ते नोंदींची उणीव दाखवतात. नात्याची जवळीक पाहायची तर एकाच पूर्वजाकडून आलेले डीएनएचे लांब सामाईक तुकडे, म्हणजे आयबीडी, मोजा. २०१३ च्या राल्फ आणि कूप या जनुकशास्त्रज्ञांच्या कामात पूर्व युरोपीय लोकांत असे तुकडे विशेष जास्त निघाले, आणि त्याचा काळ स्लाव लोकांच्या (युक्रेनी, रशियन, पोलिश यांच्या पूर्वजांच्या) प्रसाराशी जुळतो.

बोरूचाफाटा:
आणखी एक दावा इथे नेहमी येतो: आर१ए भारतातही आहे, म्हणून युक्रेनी आपले भाऊबंद, आणि दोघेही यामनाया या कांस्ययुगीन पशुपालकांचे वारस. आर१एच्या फांद्या बघा. युरोपात झेड२८२, आपल्याकडे झेड९३. फाटा फुटून ५,००० वर्षं उलटली. यामनाया (इ.स.पू. ३३००-२६००) युक्रेनच्या स्टेपवर, म्हणजे गवताळ मैदानांत, राहत, पण त्यांच्या पुरुषांत मुख्यतः आर१बी-झेड२१०३ सापडतो. त्यानंतर तिथे सिथियन, सार्माटियन हे भटके लोकही येऊन गेले, म्हणून सरळ वारसा सांगता येत नाही.

उत्तरायण:
एनचा उतार सरहद्दीवर तुटत नाही, हे मान्य. तरी आय२एचं प्रमाण युक्रेनकडून उत्तर रशियाकडे कमी होत जातं, त्याला उत्तर हवं. आणि पश्चिमेच्या ल्विव्हचे व पूर्वेच्या खार्किव्हचे नमुने वेगळे ठेवून मोजा. ‘युक्रेनी’ नावाची एकच सरासरी काढली की हा फरक त्यातच विरतो.