मदत हवी आहे: 'ब्रेक अ लेग', 'बिलो पार' वगैरेंना मराठीत काय म्हणायचं? (तातडीचं)

पाना_पक्कड | 3 मार्च, रात्री 9:12
मंडळी, खालच्या इंग्रजी वाक्प्रचारांना मराठीत काय म्हणतात ते पटकन सांगा. उद्या सकाळी 10 च्या आत हवंय.
ब्रेक अ लेग, पुल आउट ऑल द स्टॉप्स, बिलो पार, पार फॉर द कोर्स, गो थ्रू द मोशन्स, अप टू स्क्रॅच, स्टील द शो.
गुगलला पहिला टाकला तर 'एक पाय तोडा' आलं. पुढचे टाकलेच नाहीत. अर्थ मला माहीत आहेत, अर्थ सांगत बसू नका. मराठी शब्द द्या.

झणझणीत_रस्सा | 9:17
एक पाय तोडा!! दुसरा दिवाळीला का?
माझं उत्तर: 'फोडून टाका'. आमच्या कॉलेजात एकांकिकेआधी हेच म्हणायचे. प्रयोग चांगला झाला की 'फोडलंस भावा'. संपला विषय.

निवृत्त_मास्तर | 9:34
वरील प्रतिसाद भाषेला शोभत नाही. 'ब्रेक अ लेग' म्हणजे 'शुभेच्छा', इतके सरळ आहे. मात्र उगम जाणून घेतल्याशिवाय भाषांतर करू नये. 14 एप्रिल 1865 रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये नाटक चालू असताना जॉन विल्क्स बूथ याने अध्यक्ष लिंकन यांना गोळी घातली आणि बॉक्समधून रंगमंचावर उडी मारली. तेव्हा त्याचा पाय मोडला. बूथ स्वतः नट होता. त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. 37 वर्षे इंग्रजी शिकवले आहे.

थेम्सकाठी | 9:51
मास्तर, आदर आहे, पण ही गोष्ट जोडलेली दिसते. 1865 मध्ये पाय मोडला आणि वाक्प्रचार छापील स्वरूपात दिसतो तो थेट विसाव्या शतकात. मधली वर्षं सगळे नट गप्प होते का? शिवाय खून करून पळालेल्या माणसाचा पाय मोडला, यात शुभ काय? जर्मन लोकही 'मान आणि पाय मोडो' अशाच शुभेच्छा देतात. इटलीत 'लांडग्याच्या तोंडात जा' म्हणतात. फ्रेंच नट एकमेकांना जे म्हणतात ते इथे लिहिलं तर संपादक उडवतील, लहान मुलांच्या लंगोटात असतं ते. उघड चांगलं बोललं की दृष्ट लागते, म्हणून वाईट बोलायचं, एवढंच त्यात आहे.
अनुभव सांगतो. आमच्या इथल्या गणेशोत्सवात नाटक होतं. विंगेत एका काकूंना मी उत्साहाने 'ब्रेक अ लेग काकू' म्हणालो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. अजून मोदक देताना मला एक कमीच देतात.

एक्सेल_शीट | 9:58
धागाकर्ते, मार्च महिना आणि ही यादी, म्हणजे अप्रेझल. मॅनेजरने 'बिलो पार' लिहिलं असेल तर घाबरू नका. सेल्फ रिव्ह्यूमध्ये कधीही विशेषणं घालू नका, आकडे घाला. मी 2 वर्षं हेच केलं आणि रेटिंग सुधारलं. हवा असेल तर माझा फॉरमॅट व्यनि (खाजगी निरोप) करतो.

तिसरी_घंटा | 10:06
थेम्सकाठींच्या दृष्टीच्या मुद्द्याला +1. गंमत अशी की आपण बरोबर उलटं करतो. ते यशाला 'मोडणं' म्हणतात, आपण मोडण्याला 'वाढणं' म्हणतो. बांगडी फुटली की 'वाढवली'. दुकान बंद केलं की 'वाढवलं'. आणि प्रयोगाआधी विंगेत नारळ फोडत नाहीत, नारळ 'वाढवतात'. वीस वर्षं बॅकस्टेज केलंय. आमच्याकडे तिसऱ्या घंटेआधी कुणी कुणाला शुभेच्छा वगैरे देत नाही. रंगदेवतेला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडणं आणि 'चला, होऊन जाऊ दे'. माझ्या मते हेच तुमचं मराठी: होऊन जाऊ दे!
'स्टील द शो' तर तयारच आहे, 'भाव खाऊन जाणे'. इंग्रज चोरतो, आपण खातो. एकाच प्रवेशापुरतं असेल तर 'सीन खाल्ला'.

निवृत्त_मास्तर | 10:11
'भाव खाणे' याचा अर्थ मिजास करणे.

तिसरी_घंटा | 10:13
मास्तर, 'भाव खाणे' मिजास, 'भाव खाऊन जाणे' वेगळं. 'जाणे'मुळे सगळा फरक पडतो.

थेम्सकाठी | 10:20
चोरीवरून आठवलं, 'स्टील माय थंडर' ही मात्र नाटकवाल्यांचीच. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने 1709 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनला आपल्या नाटकासाठी गडगडाट करण्याची नवी युक्ती काढली. नाटक पडलं. मग तिथेच मॅकबेथचा प्रयोग लागला आणि त्यात तोच गडगडाट! हा प्रेक्षकांत बसलेला, उठून ओरडला म्हणतात, माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात.

पाना_पक्कड | 10:24
थंडर माझ्या यादीत नाहीये. अप्रेझल पण नाहीये. साहेबांचं भाषण आहे. ते इंग्रजीत बोलणार, मी मराठीत सांगायचं. बाकी पाचांचं काय?

हळदीचा_चहा | 10:26
कोणते साहेब? कुणासमोर? लिहून द्यायचंय की तोंडी? पूर्ण वाक्यं द्या ना. नुसता वाक्प्रचार म्हणजे पाककृतीत नुसतं 'मीठ' लिहिल्यासारखं झालं.

पाना_पक्कड | 10:35
तोंडी. ते एक वाक्य बोलणार, थांबणार, मग मी. माणसं आमची प्लांटची, चाकण. साहेब बर्मिंगहॅमचे. कागद आत्ता संध्याकाळी हातात दिला. त्यातली वाक्यं:
"सेकंड शिफ्ट वॉज बिलो पार इन जानेवारी, बट विथ अ न्यू लाइन दॅट्स पार फॉर द कोर्स."
"लेट्स नॉट जस्ट गो थ्रू द मोशन्स."
"एव्हरी स्टेशन मस्ट बी अप टू स्क्रॅच."
"धिस इयर वी विल पुल आउट ऑल द स्टॉप्स."
आणि शेवटी पथनाट्याच्या टीमला ब्रेक अ लेग.

झणझणीत_रस्सा | 10:38
सेकंड शिफ्टची पार वाट लागली, पण ती पार लागतेच. घ्या, दोन्ही पार आले.

एक्सेल_शीट | 10:44
एक शंका. गोल्फमध्ये पारपेक्षा कमी म्हणजे चांगलं ना? पार, म्हणजे ठरलेले फटके, 72 आणि तुम्ही 68 मध्ये संपवलं तर तुम्ही हिरो. मग सेकंड शिफ्टचं कौतुक चाललंय का?

निवृत्त_मास्तर | 10:49
मुळीच नाही. वाईट अर्थाचे 'बिलो पार' रोखेबाजारातले. समभागाची दर्शनी किंमत म्हणजे पार. 10 रुपयांचा समभाग 8 रुपयांना गेला की तो पारखाली. 'पार फॉर द कोर्स' मात्र गोल्फचे. म्हणजे या साहेबांनी एकाच वाक्यात दोन वेगवेगळे पार आणले आहेत.

थेम्सकाठी | 10:53
आणि गोल्फवाला चांगल्या अर्थाने सहसा 'अंडर पार' म्हणतो. इथे प्रत्येक ऑफिसात एक गोल्फवाला असतोच, सोमवारी सकाळी भेटू नये अशी जमात.

तिसरी_घंटा | 10:55
वाद नंतर. भाषांतर: "जानेवारीत सेकंड शिफ्टचा आकडा ठरल्यापेक्षा खाली होता, पण नवी लाइन म्हटल्यावर एवढं व्हायचंच." पार गेला पारावर.

कोपऱ्यातला_टेबलफॅन | 10:58
माझ्या भाच्याचं इंग्रजी कच्चं आहे, आठवीत आहे. असे वाक्प्रचार पाठ करायला एखादी पीडीएफ आहे का?

हळदीचा_चहा | 11:02
'गो थ्रू द मोशन्स' म्हणजे अस्सल मराठीत 'पाट्या टाकणे'. मातीची पाटी उचलायची, टाकायची, मोजायची, संपलं. याहून चपखल दुसरं नाही. आणि मूळ शब्द तसाच माइकवर ठेवू नका हं. आपल्याकडे मोशन म्हटलं की लोक जुलाबच समजतात.

पाना_पक्कड | 11:05
'पाट्या टाकणे' चपखल आहे हो, पण युनियनचे अध्यक्ष पहिल्या रांगेत असतात. साहेबांच्या नावावर मी ते बोललो तर उद्या गेटवर माझीच पाटी लागेल.

तिसरी_घंटा | 11:08
मग "नुसतं उरकायचं म्हणून उरकू नका". कुणाला लागणार नाही, आणि सगळ्यांना कळेल.

निवृत्त_मास्तर | 11:14
'अप टू स्क्रॅच' मुष्टियुद्धातून. पूर्वी आखाड्याच्या मधोमध जमिनीवर ओरखडा काढत. 1838 च्या नियमांप्रमाणे पडलेल्या मल्लाला 30 सेकंद विश्रांती आणि पुढच्या 8 सेकंदांत स्वतःच्या पायांनी त्या रेघेपर्यंत यायचे. येता आले नाही तर हरला. मराठीत 'कसाला उतरणे'.
'पुल आउट ऑल द स्टॉप्स' ऑर्गनवरून. चर्चच्या ऑर्गनला मुठी असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. मूठ ओढली की नळ्यांच्या त्या संचात वारा जातो. सगळ्या ओढल्या की पूर्ण आवाज. मॅथ्यू अर्नोल्ड याने 1865 साली तो लाक्षणिक अर्थाने वापरला.

झणझणीत_रस्सा | 11:16
मास्तरांच्या आयुष्यात सगळं 1865 लाच घडतं.

तिसरी_घंटा | 11:19
इथे मास्तर बरोबर आहेत. आपल्या पेटीलाही समोर स्टॉपर असतातच. संगीत नाटकाच्या ऑर्गनवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मराठी: 'सगळी ताकद लावू', 'जीव ओतू', 'कसर ठेवणार नाही'. कसर बरं वाटतं.

पाना_पक्कड | 11:27
कसर घेतो. कसाला उतरणे जरा पुस्तकी वाटतं. आणि आमच्याकडे स्क्रॅच म्हणजे पेंट शॉपचं रिजेक्शन. 'प्रत्येक स्टेशन स्क्रॅचपर्यंत' ऐकलं तर क्वालिटीवाले हसतील. उद्या सुरक्षा दिन असल्यामुळे सगळी डिपार्टमेंटं असतात.

हळदीचा_चहा | 11:29
थांबा. उद्या काय आहे?

पाना_पक्कड | 11:31
4 मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. पथनाट्य सुरक्षेवरच आहे. सांगितलं नव्हतं का?

तिसरी_घंटा | 11:33
नाही हो दादा, नव्हतं सांगितलं! सुरक्षा दिनाच्या व्यासपीठावरून कंपनीचे साहेब कामगारांना म्हणणार, पाय मोडा?

यंत्रसामग्री | 11:41
इतका वेळ नुसता वाचत होतो. पाय सोडा, खरा घोळ स्टॉप्सचा आहे. प्रत्येक मशीनवर लाल इमर्जन्सी स्टॉप असतो. दाबला की मशीन थांबतं, आणि बऱ्याच मशीनवर परत चालू करायला तेच बटण ओढावं किंवा फिरवावं लागतं. 'पुल आउट' आणि 'स्टॉप' एवढे दोन शब्द तर हेल्परलाही कळतात. तुम्ही मराठीत कितीही चांगलं सांगा, माइकवरून आधी इंग्रजी ऐकू जाणार: सगळे स्टॉप काढून टाका. ते वाक्यच बदलून घ्या. साहेबांना रात्रीच कळवा, सकाळी ते कुणाच्या हाती लागणार नाहीत.

एक्सेल_शीट | 11:46
मेल करताना सीसीमध्ये एचआर ठेवा. माझा अनुभव आहे.

पाना_पक्कड | 11:52
सीसी नको, सीसीने साहेबांचा पोपट होईल. एकट्यांना पाठवतो.

पाना_पक्कड | 4 मार्च, संध्याकाळी 6:50
अपडेट. रात्रीच साहेबांना लिहिलं की समोर मशीनवरची माणसं आहेत, 'स्टॉप्स' आणि 'लेग' दोन्ही बदलता का. पाच मिनिटांत 'गुड कॅच' आलं, सकाळी कागदावर दोन्ही ठिकाणी काट. पारचं वाक्य तिसरी_घंटा यांनी दिलं तसंच्या तसं बोललो, टाळ्या सेकंड शिफ्टनेच वाजवल्या. 'स्क्रॅच'ला 'प्रत्येक स्टेशन चोख पाहिजे' म्हणालो, ऐनवेळी तेच सुचलं.
पथनाट्यात पेंट शॉपचा एक हेल्पर भाव खाऊन गेला. त्याची भूमिका मशीनच्या गार्डची, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावतात त्या आडोशाची. हात पसरून नुसतं उभं राहायचं. ऑपरेटर घाईत त्याला ढकलतो. हा पंधरा मिनिटं गप्प, मग शेवटी एकच वाक्य: "मला बाजूला सारलंस ना, आता बोटं मोज."
मंडप एकदम चिडीचूप. मागे कॅन्टीनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता तेवढाच.
आणि मग साहेब कागद न घेताच स्टेजवर चढले, त्या पोराच्या खांद्यावर हात टाकला आणि माइकवर म्हणाले, "गाइज, यू अ‍ॅब्सोल्यूटली किल्ड इट!" आणि माइक माझ्याकडे. डोक्यावर फलक: अपघातविरहित दिवस 611. मला रात्रीचं एकही उत्तर आठवेना. तोंडातून निघून गेलं, "साहेब म्हणतायत, फोडलंत!"
अशा शिट्ट्या पडल्या की साहेबांनी मला विचारलं, मी नेमकं काय म्हणालो.

झणझणीत_रस्सा | 6:54
माझं उत्तर. पहिलाच प्रतिसाद, 9:17. मास्तर, वाचताय ना?

निवृत्त_मास्तर | 7:20
वाचतो आहे. मूळ प्रश्न 'ब्रेक अ लेग'चा होता, 'किल्ड इट'चा नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'फोडून टाका' आजही चूकच.

थेम्सकाठी | 7:31
मग साहेबांना काय सांगितलंत? 'ब्रोक इट'?

पाना_पक्कड | 7:45
'वेल डन' सांगितलं.

कोपऱ्यातला_टेबलफॅन | 8:02
अभिनंदन. पीडीएफचं राहिलं. आणि तुमच्याकडे आयटीआय फिटरची जागा आहे का? भाचा नाही, त्याचा मोठा भाऊ.