युनचान लिमला पुढची वीस वर्षं ऐकायचं आहे, सुरुवात कशी करू?

सांजश्रोता (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी जवळजवळ एकाच माणसाचा पियानो ऐकतोय, कोरियन पियानोवादक युनचान लिम. २०२२च्या अमेरिकेतल्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने वाजवलेला रखमानिनोफचा तिसरा कॉन्चर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) कुणीतरी पाठवला होता. सहज म्हणून लावला आणि शेवटपर्यंत जागचा हललो नाही. हा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचं शिक्षण मला नाही, नोटेशन वाचता येत नाही. पण आत्ता विशीत असलेल्या या वादकाला पुढे तिशीत, चाळिशीतही ऐकायचं, असं मनाशी पक्कं केलंय. सध्या होतं असं की जे समोर येईल ते ऐकतो, कुठला तुकडा, कुठली फर्माईश, कसलाही क्रम नाही. त्याचं वाजवणं बदलतंय का, हे माझ्यासारख्याला कळणार कसं? स्पर्धा आणि पुरस्कार यांना किती वजन द्यायचं? आणि एक काळजी आहे. इतक्या लहान वयात इतकं कौतुक वाट्याला आलेल्यांचं पुढे काय होतं?

खर्ज

माझा सल्ला वेगळा आहे. वादक बाजूला ठेवा, रचना धरा. हा कॉन्चर्टो १९०९चा. खुद्द रखमानिनोफने तो १९३९-४०मध्ये संचालक ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रित केला, तो आधी ऐका. मग होरोविट्झचं १९३०चं मुद्रण, मग आर्गेरिचचं १९८२चं बर्लिनमधलं. पहिल्या भागात जिथे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि पियानो एकटा उरतो, त्या जागेसाठी रखमानिनोफने दोन पर्याय लिहून ठेवलेत, एक हलका, चपळ आणि दुसरा भारदस्त, जाड स्वरसमूहांचा. रखमानिनोफ स्वतः हलका घेतो. क्लायबर्नने १९५८मध्ये जड घेतला. कोण कुठला घेतो एवढं जरी ओळखायला लागलात तरी कान तयार व्हायला लागला समजा. हे सगळं झाल्यावर लिमकडे या. एकाच वादकावर जीव जडला की बाकीचं ऐकू येत नाही.

अनामिका

खर्ज यांनी सांगितलेली मुद्रणं जरूर ऐका, पण सांजश्रोता, तुम्ही लिमला सोडू नका. मी बरीच वर्षं लहान मुलांना पियानो शिकवते. माझ्या अनुभवात, माणूस या संगीतात येतो तो कुणा एका वादकाचं बोट धरूनच. रचना नंतर आपोआप कळत जातात.

तुम्ही विचारलंत, बदल कसा ओळखायचा. माझ्या मते त्याची सर्वांत खात्रीची खूण वाजवण्याच्याही आधी दिसते. तो पुढे काय वाजवायला घेतो आणि त्याच्याजवळ किती काळ थांबतो, ते बघा. तरुण वादकाला काय जमतं हे एका संध्याकाळीत कळतं. त्याला काय हवंय हे त्याच्या कार्यक्रमपत्रिका वर्षानुवर्षं वाचल्यावर कळतं.

लिमचंच बघा. २०२२च्या उपांत्य फेरीत त्याने लिस्टचे बाराही ट्रान्सेंडेंटल एत्यूद (वादनातली अवघड कौशल्यं घोटण्यासाठी लिहिलेल्या छोट्या रचना) सलग वाजवले. तासाभराहून अधिक वेळ, एकामागून एक. स्पर्धेत असं कुणी सहसा करत नाही, कारण बारांतले दोन-तीन निवडून छाप पाडणं कितीतरी सुरक्षित. त्याला तो अख्खा संच मांडायचा होता. (हे मुद्रण स्वतंत्र अल्बम म्हणून निघालंय. तुमचा क्रम इथून सुरू करा. पाचवा ‘फ्यू फोले’ ऐकताना उजव्या हाताकडे लक्ष द्या, दोन-दोन स्वर एकदम आणि तेही कुजबुजल्यासारखे.) त्यानंतर अंतिम फेरीत बेटहोव्हेनचा तिसरा कॉन्चर्टो आणि तुम्ही ऐकलात तो रखमानिनोफ. सुवर्णपदक मिळवणारा तो त्या स्पर्धेचा सर्वांत लहान विजेता ठरला. रखमानिनोफ संपल्यावर ऑर्केस्ट्राच्या संचालक मरिन ऑल्सप डोळे पुसताना दिसतात. त्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षही होत्या. ती चित्रफीत एक कोटीहून जास्त वेळा पाहिली गेलीय.

आता इथून पुढचं महत्त्वाचं. एवढं डोक्यावर घेतल्यावर कुणालाही वाटेल की आता हाच रखमानिनोफ जगभर वाजवत फिरावं. मागणीही तीच असणार. तो त्याने वाजवलाच, पण डेका या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी पहिला स्टुडिओ अल्बम करताना त्याने शोपॅंचे एत्यूद घेतले, ओपस (रचनासंचाचा क्रमांक) १० आणि ओपस २५, एकूण चोवीस. फेब्रुवारी २०२४मध्ये कार्नेगी हॉलमधल्या पहिल्या एकल मैफलीत तेच वाजवले आणि एप्रिलमध्ये अल्बम आला. यातला ओपस १० शोपॅंने लिस्टलाच अर्पण केलेला आहे. म्हणजे लिस्टकडून तो त्याच्या उगमाकडे गेला, असं मी मानते.

शिकवणारी म्हणून सांगते, या चोवीसांत लपायला जागा नाही. ओपस १०मधला दुसरा एत्यूद घ्या. उजव्या हाताची मधली, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटं अखंड वर-खाली धावत असतात आणि त्याच हाताचा अंगठा आणि तर्जनी खाली छोटे स्वरसमूह टिपत असतात. अनामिका हे बोट शेजाऱ्यांशी कंडरांनी बांधलेलं, ते एकटं नीट उचललं जात नाही. माझ्या विद्यार्थ्यांचा हात दुसऱ्या पानावर आखडतो. हा एत्यूद कुणी हसतखेळत वाजवला की मला त्यामागची वर्षं दिसतात. आणि तरीही लिमच्या अल्बममध्ये माझा जीव अडकतो तो ओपस २५च्या सातव्यात, जिथे वेग अजिबात नाही. तिथे धून डाव्या हाताकडे असते, चेलोसारखी, आणि उजवा हात वरून तिला उत्तर देतो. याच्या सुरुवातीच्या दोन मापांवर, म्हणजे तालाच्या दोन छोट्या खंडांवर, आपण तासन्‌तास घालवल्याचं त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं. ऐकताना ते पटतं.

मग एप्रिल २०२५, पुन्हा कार्नेगी हॉल, आणि या वेळी बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स. एक आरिया, म्हणजे गाण्यासारखी धून, तिच्यावर तीस रूपं आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. त्याच्या आधी हानुरी ली या तरुण कोरियन संगीतकाराची छोटीशी नवी रचना. लिस्ट, शोपॅं, बाख. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याने धरलेली ही दिशा बघा. वाटेत टाळ्या घेणारी गाणी शंभर होती. त्याने दर वेळी एक पूर्ण ग्रंथ उचललाय.

गुरूकडेही लक्ष ठेवा. मिनसू सोन हा त्याचा गुरू. तो स्वतः २००६चा होनेन्स पियानो स्पर्धेचा विजेता आणि गोल्डबर्ग वाजवणारा. सोन बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला गेला तेव्हा लिम सोलमधून त्याच्यामागे तिथे गेला. जग जिंकल्यावर गुरू बदलणारे पुष्कळ असतात. आणि सोनचा गुरू रसेल शर्मन हा लिस्टचे तेच बारा एत्यूद मुद्रित करणारा. तीन पिढ्या एका वहीवर बसलेल्या आहेत. लिमचे लिस्ट ऐकून झाले की शर्मनचे ऐका. कुठली सवय कुठून आली हे शोधण्यात माझे रविवार जातात.

आता तुमच्या काळजीबद्दल, कारण ती मलाही आहे. ज्याच्या नावाने ही स्पर्धा भरते त्या व्हॅन क्लायबर्नचीच गोष्ट आठवा. १९५८मध्ये शीतयुद्ध ऐन भरात असताना हा तेवीस वर्षांचा अमेरिकन मुलगा मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकला. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर मिरवणूक निघाली. चायकोव्हस्कीच्या पहिल्या कॉन्चर्टोची त्याची तबकडी दहा लाखांच्या वर खपली. आणि मग लोकांना त्याच्याकडून वर्षानुवर्षं तेच हवं होतं, चायकोव्हस्कीचा पहिला, रखमानिनोफचा तिसरा. १९७८मध्ये त्याने मैफली थांबवल्या, तेव्हा तो जेमतेम चव्वेचाळीसचा होता. इतका ऊबदार, गाता सूर होता त्याचा. मला आजही वाईट वाटतं.

याच्या उलट मौरित्सिओ पोल्लिनी. १९६०ला वॉर्सॉची शोपॅं स्पर्धा अठराव्या वर्षी जिंकला आणि नंतर मैफली मोजक्याच ठेवून शिकत राहिला, काही काळ मिकेलांजेली या ज्येष्ठ पियानोवादकाकडेही. त्याच वर्षी शोपॅंचे एत्यूद त्याने मुद्रित केले होते, पण ते तेव्हा बाहेर आलेच नाहीत, थेट २०११मध्ये आले. जगाने ऐकले ते १९७२चे. मार्था आर्गेरिच सोळाव्या वर्षी, १९५७मध्ये, जिनिव्हा आणि बुसोनी अशा दोन स्पर्धा जिंकली, मग मध्ये काही काळ तिने जवळजवळ वाजवणंच सोडलं आणि १९६५ला वॉर्सॉत पुन्हा उभी राहिली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, तो वाजवत नसेल त्या काळाचीही नोंद ठेवा. २०२४च्या वसंतात हाताला ताण आल्यामुळे लिमने काही कार्यक्रम रद्द केले, तेव्हा ऑनलाइन चर्चामंचांवर लोक तिकिटांवरून चिडलेले मी वाचले. मला मात्र बरं वाटलं. विशीतल्या वादकाने वेळीच थांबणं याच्याइतकी आश्वासक बातमी नाही. स्पर्धा जिंकल्यावर तो बोलला होता की डोंगरात जाऊन नुसता पियानो वाजवत राहावंसं वाटतं, पण मग कमाई नसेल. अशा मुलाला आपण श्रोत्यांनी मोकळीक द्यायला हवी. ‘पुन्हा तोच रखमानिनोफ’ अशी मागणी आपणच करतो ना?

दुसरी_घंटा

अनामिका, सुंदर लिहिलंत. स्पर्धांबद्दल थोडी भर घालतो, कारण सांजश्रोतांनी विचारलं होतं. पुरस्काराकडे निकाल म्हणून बघू नका, एका तारखेची नोंद म्हणून बघा. एरिक लू हा पियानोवादक २०१५ला वॉर्सॉच्या शोपॅं स्पर्धेत सतराव्या वर्षी चौथा आला. २०१८ला लीड्सची स्पर्धा जिंकला. सगळ्यांना वाटलं, झाल्या याच्या स्पर्धा. २०२५मध्ये तो पुन्हा वॉर्सॉत उतरला आणि पहिला आला. त्याचं २०१५चं आणि २०२५चं शोपॅं शेजारी-शेजारी ठेवून ऐकणं हा दहा वर्षांचा वर्ग आहे. हरलेल्या फेऱ्याही जपून ठेवा, १९८०मध्ये याच स्पर्धेत पोगोरेलिच अंतिम फेरीत गेला नाही म्हणून आर्गेरिच परीक्षक मंडळातून उठून गेली, आणि आज त्या वर्षीचं सर्वांत चर्चेतलं नाव तेच.

एकट्या लिमवर थांबू नका इतकंच. अलेक्झांद्र कांतोरोव्हला सोबत घ्या, २०१९चा चायकोव्हस्की विजेता. दोघंही लिस्टचे भक्त, पण सूर किती वेगळे!

सांजश्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार. अनामिका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘पुन्हा तोच रखमानिनोफ’ म्हणणाऱ्यांत मीही आहे, हे वाचताना जाणवलं. एकच विचारतो, आज रात्री नेमकं काय लावू? आणि कान कशावर ठेवू?

अनामिका

ओपस २५चा सातवा लावा, लिमचा. पाच-सहा मिनिटांचा आहे. पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका, उजवा ऐकूच येत नाही असं समजून. डाव्याची ओळ कुठे श्वास घेते, कुठे एखादा स्वर किंचित उशिरा येतो, ते टिपा. दुसऱ्यांदा उजवा हात. तिसऱ्यांदा काहीही न ठरवता. मग पोल्लिनीचा १९७२चा लावा. तो रेष सरळ, स्वच्छ ओढतो, तर लिम मधले दबलेले स्वर अचानक पुढे आणतो. कुठलं बरोबर, हे आज ठरवू नका.

आणि एक साधी वही करा. तारीख, रचना, कुणाचं मुद्रण, आणि दोन ओळी आपल्या शब्दांत. तांत्रिक शब्द नकोत, ‘इथे डावा हात जड वाटला’ एवढं पुरे. मैफलीच्या बातम्यांमध्ये शेवटच्या फर्माईशीत, म्हणजे टाळ्यांनंतरच्या जादा तुकड्यात, त्याने काय वाजवलं तेही उतरवून घ्या, वादक पुढे कुठे जाणार हे पुष्कळदा तिथेच आधी कळतं. रखमानिनोफचं ते २०२२चं मुद्रण डेकाने २०२५ला अल्बम म्हणून काढलंय, ते तूर्त बाजूला ठेवा. त्याने तोच कॉन्चर्टो पुढे कधी नव्याने मुद्रित केला तर दोन्ही एकाच दिवशी ऐका, आणि काय सापडलं ते इथेच लिहा.

गोल्डबर्ग मात्र घाईत नको. तुकड्यांत ऐकायची ती रचना नव्हे, तासाभराहून जास्त निवांत वेळ असेल त्या दिवशीच लावा. पंचविसाव्या रूपाशी पोचाल तेव्हा आवाज वाढवू नका, तिथे मुळातच सगळं हळू आहे.