पाठशाळेतल्या पोथ्यांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या गावातल्या वेदपाठशाळेचं छोटं ग्रंथालय मी सांभाळतो. लाल कापडात बांधलेल्या दीडेकशे हस्तलिखित पोथ्या आहेत. परवा एक सोडली, तर कडेची अक्षरं कसरीने खाल्लेली. पान हातातच तुटलं. फार वाईट वाटलं. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतो, पण पावसाळ्यात दमट हवेपुढे त्यांचं काही चालत नाही. मुलं आता मोबाइलवर पीडीएफ वाचतात. त्यांचा दोष नाही, पण या पोथ्या अजून स्कॅनच झालेल्या नाहीत.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतम् मिशन जाहीर झालं. एवढ्या लहान संस्थेने त्यासाठी अर्ज केलाय का कुणी? विश्वस्तांना धास्ती आहे की बाहेर गेलेली पोथी परत यायची नाही. जागेवर येऊन स्कॅनिंग करणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा.