इतिहासाच्या माणसानं प्राचार्याच्या खुर्चीत बसावं का? अनुभवी मंडळींनी सांगा

बालाघाटची लेक

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. सहयोगी प्राध्यापक, वय 48. आमचे प्राचार्य मे अखेर निवृत्त होताहेत. संस्थेच्या सचिवांनी परवा बोलावून घेतलं नि म्हणाले, "मॅडम, सध्या प्रभारी म्हणून बसा, पुढचं पुढं बघू."

अडचण अशी की माझं काम अर्ध्यावर आहे. निजामाच्या काळातली देवस्थान इनामं हा माझा विषय. मुंतखब, म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर निघालेले सरकारी दाखले, उर्दूत, त्याआधीचे कागद मोडीत. उर्दू गावातल्या एका मौलवी साहेबांकडं बसून शिकले, पण शिकस्ता, म्हणजे घाईत लिहिलेली मोडकी अक्षरं, अजून घाम फोडते. एका मठातल्या पेटीभर कागदांचे फोटो काढून आणलेत, ते वाचायचेच राहिलेत. खुर्चीत बसलं की ते कायमचे राहिले, असं सहकारी म्हणतात. घरचे म्हणतात, चालून आलेली लक्ष्मी परत पाठवू नको.

उलटी उदाहरणं आपल्याच भागात आहेत ना पण? जनार्दन वाघमारे सर इंग्रजीचे, नागनाथ कोत्तापल्ले सर मराठीचे. दोघं कुलगुरू झाले आणि अभ्यासक म्हणूनही ओळखले गेले. हे कसं जमतं? असा माणूस कुणी जवळून पाहिला असेल तर सांगा. उपदेश नको, घरात भरपूर आहे.

गोदाकाठ

मी नांदेडचा. नावं घेतलीत तर त्यांचा क्रमही बघा. कोत्तापल्ले सरांनी आधी बीडला शिकवलं, मग औरंगाबादच्या विद्यापीठाच्या मराठी विभागात, मग पुणे विद्यापीठात विभागप्रमुख. कथा, कविता, कादंबरी, समीक्षा यातलं बरंचसं या काळातलं. कुलगुरूपद त्यानंतर, 2005 ते 2010. पद सुटल्यावर 2013 ला चिपळूणच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद.

वाघमारे सरांचं तसंच. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, 1994 ला आमचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं त्याचे पहिले कुलगुरू, पुढं लातूरचे नगराध्यक्ष, 2008 ते 2014 राज्यसभा. पण आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा जो अभ्यास त्यांच्या नावावर आहे तो कुलगुरू व्हायच्या कितीतरी आधीचा. बँकेत ठेव होती, नंतर व्याजावर भागलं. तुमची ठेव अजून पेटीत आहे.

आणि विचारवंत नरहर कुरुंदकर? इथल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले ते शेवटच्या काही वर्षांत. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. नांदेडात अजूनही त्यांना कुणी प्राचार्य म्हणत नाही, गुरुजी म्हणतात. त्यांचं नाव पदावर कधी अवलंबून नव्हतंच.

माजी आस्थापना

मॅडम, मी एका विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो नि कक्ष अधिकारी म्हणून बाहेर पडलो. कोणतं विद्यापीठ ते विचारू नका, पेन्शन सुखानं खायलोय. मधली काही वर्षं कुलगुरू कार्यालयात काढली. तुम्ही जवळून पाहिलेला माणूस मागितला म्हणून लिहितो.

फाईलला दोन बाजू असतात. एका बाजूला टिप्पणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. लिपिक टिप्पणी लिहितो, खाली "मान्यतेस्तव सादर" टाकतो, मग अधीक्षक, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव अशा सह्या चढत जातात. वर पोचेपर्यंत टिप्पणी इतकी गुळगुळीत होते की साहेबांनी, म्हणजे कुलगुरूंनी, फक्त हिरव्या शाईचा पेन उघडायचा. बहुतेक साहेब तेवढंच करायचे. त्यांना दोष देत नाही, दिवसाला फायलींचा गठ्ठाच्या गठ्ठा यायचा.

मग मानव्यविद्येचे एक साहेब आले. ते टिप्पणी उघडायचेच नाहीत आधी. पत्रव्यवहार काढायचे, तोही तळापासून. मूळ अर्ज, त्यावरचा आवक शिक्का, मग पुढचा कागद, मग त्याच्या पुढचा. सगळं झालं की टिप्पणी. मला वाटलं, नवीन आहेत, चार दिवसांनी सुधारतील. नाही सुधारले.

एकदा पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीची फाईल आली. मार्गदर्शक निवृत्त झालेले, मार्गदर्शक बदलून मागितला होता. टिप्पणी स्वच्छ: त्रुटींची पूर्तता मुदतीत न केल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यास, म्हणजे बंद करण्यास, हरकत नसावी. पाच सह्या. साहेबांनी तळापासून चाळायला घेतलं तर एका परिपत्रकाच्या पोटात टाचणी लावलेला कागद निघाला. पूर्तता केल्याचं त्या मुलीचंच पत्र, आवक शिक्क्यासह. संबंधित विभागाचे अधीक्षक आले, साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले नि विचारलं, "यातला आधीचा कोणता?" पत्र आधीचं होतं, टिप्पणी नंतरची. आवाज चढवला नाही, काही नाही. अधीक्षक मात्र एसीत घामाघूम. पोरीचं काम त्याच आठवड्यात झालं.

आता तुम्ही जे कागद वाचता मॅडम, मुंतखब की काय, त्यात तरी दुसरं काय करता? कुणी कुणाला काय दिलं, कधी दिलं, मागाहून कुणी काय घुसडलं. तोच धंदा आहे. माझं तर मत झालंय की फाईल वाचायला इतिहासाचा नाहीतर साहित्याचा माणूसच बरा.

याची किंमत पण सांगतो. तळापासून वाचायला वेळ लागतो. फायली साचल्या, "साहेब लई बारीक बघतात" म्हणून कुरकूर सुरू झाली, एक-दोन जणांनी वर मुंबईपर्यंत कागाळ्या केल्या. साहेबांच्या पुस्तकाची प्रुफं येऊन पडली होती. प्रकाशकाचे फोन मीच घ्यायचो. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणायचो, आणि ते खरंच मीटिंगमध्ये असायचे. परीक्षा, निकाल, संघटनांची निवेदनं, एखाद्या केंद्रावर कॉपीचा राडा, दीक्षान्त समारंभात कुणाची खुर्ची कुठं. एम.ए.चा आठवड्याचा एक तास मात्र सोडला नाही. ती वेळ आमच्या डायरीत "बैठक" म्हणून लिहून ठेवायची असा हुकूम होता. पुस्तक निघालं ते पद सुटल्यावर.

आता खरी गोष्ट. कुलगुरूंच्या हाताखाली कुलसचिव असतो, वित्त अधिकारी असतो, परीक्षेचा संचालक असतो, आमच्यासारखे असतात. प्राचार्याकडं एक मुख्य लिपिक नि एक लेखापाल, तेही जागा भरल्या असतील तर. लिहिणाऱ्या माणसाला कुलगुरूपदापेक्षा प्राचार्यपद जड जातं, हे मी अनेकांचं पाहिलंय. त्यातून "प्रभारी" म्हणजे तर जबाबदारी पुरी नि अधिकार अर्धा. प्रभारी होऊ नका. द्यायचंय तर रीतसर जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, असं द्या म्हणावं.

तासिकावाला

आमच्यासारख्यांना हा प्रश्न पडत नाही हे बरंय. नेट झालो, पीएच.डी. झालो, अजून तासिका तत्त्वावरच. मानधन कधी येईल ते परमेश्वराला नि जेडी ऑफिसला, म्हणजे सहसंचालक कार्यालयाला, ठाऊक.

तरी एक विचारतो, मॅडम. तुम्ही बसला नाहीत तर कोण बसेल? सचिवांच्या गाडीत मागं बसून फिरणारा एखादा असेलच ना तुमच्याकडं. आमच्या कॉलेजात तसा बसला. ग्रंथालयाच्या पैशातून पाहुण्यांच्या खोलीला सोफा आला. कॉलेजचा दर्जा तपासणारं नॅक आलं तेव्हा रातोरात उपक्रमांचे अहवाल लिहिले गेले, लिहिणारे आम्हीच. अभ्यासू माणसं पेटीतले कागद वाचत बसली की खुर्ची रिकामी थोडीच राहते?

वरच्या काकांचं पटलं, पण "प्रभारी होऊ नका" म्हणणं सोपंय. निम्म्या कॉलेजांत प्रभारीच दिसतात आमच्याकडं.

गोदाकाठ

तासिकावाले, मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी प्राचार्यच व्हायला पाहिजे असं नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं विद्यापीठात अधिष्ठाता, म्हणजे डीन, हे पूर्णवेळ पगारी पद केलंय, मानवविज्ञान शाखेलाही. अभ्यास मंडळ आहे, विद्या परिषद आहे. तिथं अभ्यासक्रम ठरतो, कोणतं पुस्तक लागायचं ते ठरतं. मॅडमसारखीनं आधी तिथं जावं. प्राचार्याला अभ्यासक्रमातला स्वल्पविरामसुद्धा बदलता येत नाही.

बालाघाटची लेक

सगळ्यांचे आभार. काकांची फाईलची गोष्ट मौलवी साहेबांना वाचून दाखवली, ते म्हणाले, "हमारे ज़माने के पेशकार भी यही करते थे, काग़ज़ पेट में छुपाते थे." मग तासाभर पेशकारांचेच, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणाऱ्या कारकुनांचे, किस्से.

तासिकावाल्यांचं बोलणं लागलं. आमच्याकडंही गाडीत मागं बसणारे आहेत, एक नाही, दोन. म्हणून अगदीच नाही म्हणवत नाही. सचिवांना उद्या सांगणार आहे की प्रभारी नको, नियमित पदाची जाहिरात काढा, मी अर्ज करते. निवड झाली तर आठवड्याला दोन तास वर्गावर जाणार, तेही वेळापत्रकात लावून. पेटीचं काम एकटीनं ओढण्यापेक्षा मोडी वाचणारा एक विद्यार्थी सोबत घ्यावा असं चाललंय मनात.

एकच शंका. नियमित प्राचार्य झाले नि पाच वर्षांनी नको वाटलं तर इतिहास विभागात परत येता येतं का? काका, तुम्हीच सांगा.

माजी आस्थापना

येता येतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमानं प्राचार्याची मुदत पाच वर्षं, कामगिरी तपासून आणखी पाच देता येतात. मुदत संपल्यावर मूळ संस्थेत प्राध्यापक म्हणून परत, अशीच तरतूद आहे. पात्रताही बघून घ्या: पीएच.डी., एकूण 15 वर्षांची सेवा, किमान दहा शोधनिबंध आणि 110 चा संशोधन गुणांक. निबंध कमी पडत असतील तर पेटी आजच उघडा.

संस्थेकडून मूळ पदावरच्या धारणाधिकाराचा, म्हणजे परत यायच्या हक्काचा, ठराव रुजू व्हायच्या आधी घ्या. ठरावाची प्रत विद्यापीठाला आणि सहसंचालक कार्यालयाला, दोन्हीकडं पोच घेऊन. पोचेच्या झेरॉक्स घरी ठेवा, कॉलेजात नको. तोंडी "बघू की मॅडम" म्हणाले तर थांबा. विभागातली तुमची जागा भरायची झाली तर कशी भरणार, तेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर परत याल तेव्हा कार्यभारच नाही म्हणून सांगतील.

मसुदा पाहिजे असेल तर निरोप टाका, दोन दिवसांत लिहून देतो.