टॅम्पिंग झालं, स्टॅबिलायझर फिरला, मग गाडी अजून रांगत का न्यायची?

रूळवेडा: ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, खडी साफ केली, टॅम्पिंग करून, म्हणजे रूळ उचलून स्लीपरखाली खडी ठासून, रूळ लेव्हलला आणला, मागून स्टॅबिलायझर पण फिरवला, आणि तरी पुढे कितीतरी दिवस कॉशन, म्हणजे तात्पुरती वेगमर्यादा, लावून गाड्या हळूच. मला हे पटत नाही. ते स्टॅबिलायझर मशीन रूळ धरून आडवं हलवतं, सेकंदाला तीसेक वेळा, वरून दाब देतं आणि स्लीपर खडीत बसवतं. एका पासमध्ये साधारण 1 लाख टन वाहतुकीएवढं काम होतं असं धरतात. म्हणजे दीड हजार टनाच्या साठ-सत्तर गाड्या गेल्यासारखं. मग अजून कसली वाट बघायची?

खडीफोड: ते एक लाख टन ऐकायला छान वाटतं हो. पण टॅम्पिंगमध्ये रूळ उचलून दात खडीत घुसवतात, तेव्हा स्लीपरभोवतीची पकड सैल होते, रूळ बाजूला सरकू न देणारा आडवा विरोध निम्म्यापर्यंत पण उतरू शकतो, आणि स्टॅबिलायझर त्यातला काही भागच परत आणतो, सगळा नाही. आता यात ऊन घाला. लांब वेल्डेड रूळ, म्हणजे मध्ये फटी नसलेला, मीटरला 60 किलोचा, तापमान एक अंश वाढलं की त्यात पावणेदोन-दोन टनाचा दाब चढतो. तीस अंश वाढले की एका रुळात पंचावन्न टनांच्या आसपास, आणि रूळ दोन आहेत. हे सगळं धरून ठेवणार कोण, तर तीच सैल खडी. रूळ वाकला की लेव्हल कितीही सुरेख असली तरी काय उपयोग?

रूळवेडा: मग उन्हाचं कॉशन वेगळं ठेवा ना, दुपारचं. रात्री गार रुळावरून पण हळू कशाला? आणि खडी गाड्यांच्या वजनानेच हळूहळू बसू द्यायची असं कोणी म्हणेल तर ऐका, गाडी खडी सारखी बसवत नाही. जिथे कच्चं तिथे जास्त दबतं, तिथे खड्डा पडतो, पुढची गाडी त्याच खड्ड्यात आपटते आणि तो अजून वाढतो. मशीन निदान सुरुवातीचं बसणं सगळीकडे सारखं करतं.

पाटरीवरचा: सारखं तेव्हाच होतं जेव्हा खालचा थर सारखा असतो भाऊ. जिथे चिखल वर येतो तिथे नुसतं हलवून काय होणार, पहिल्या पावसात परत तेच, खडीला जुनी खोड असते. आणि पुलावर, बोगद्यात, जवळ जुनी इमारत असेल तिथे कंपन बंद ठेवावं लागतं किंवा कमी करावं लागतं. म्हणजे ते तुकडे बाकीच्यापेक्षा कच्चे राहणार आणि वेगाचा आकडा ठरवताना त्या कच्च्या तुकड्यांकडे बघावं लागतं. (पुलाच्या टोकाला तर तसाही धक्का बसतोच.)

नेहमीचा प्रवासी: आम्हाला कोणी सांगतच नाही हो काय चाललंय, नुसतं स्लो. कॉशन लावायला आधी ब्रेक, उठवल्यावर परत स्पीड घ्यायला वेळ, म्हणजे दोन किलोमीटरच्या कामाचा फटका पाच-सहा किलोमीटरला.

खडीफोड: तो फटका मान्य. पण कॉशन टप्प्याटप्प्याने उठतं, प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी चालत जाऊन आणि मापं घेऊन बघतं. बिझी लाईनवर लाख टन एका-दोन दिवसात निघून जातं, तिथे मशीननंतर लवकर वेग द्या, मी तुमच्या बाजूने. पण दिवसाला चार गाड्यांच्या लाईनवर?

रूळवेडा: तिथेच तर मशीन पाहिजे! चार गाड्यांनी तेवढे टन जायला दोन-अडीच आठवडे लागतील. म्हणजे जिथे कोणी मशीन पाठवत नाही तिथे त्याची सगळ्यात जास्त गरज.

पाटरीवरचा: हे मात्र पटलं. पण मशीन नंतर वेग देण्याआधी संध्याकाळी आणि दुसऱ्या दुपारी मापं घ्या, तेवढं तरी सोडू नका. दोन्ही मापं जुळली तर माझी हरकत नाही.

रूळवेडा: दोन मापं चालतील. पंधरा दिवस नाही.